अंगणातला कार्यक्रम: सुपारीपासून शिध्यापर्यंत किती धरायचे?

जुन्नर-आंबेगावात घरी जागरण-गोंधळ, भजन किंवा गाण्याची बैठक ठरली की पहिला फोन मंडपवाल्याला जातो, दुसरा आचाऱ्याला, तिसरा साऊंडवाल्याला. ज्यांच्यासाठी हा सगळा घाट घातलाय त्या वाघ्या-मुरळीच्या पार्टीला किंवा गायकाला फोन जातो तो सगळ्यात शेवटी. तोवर पैसे बरेचसे वाटून झालेले असतात. मग "पार्टीवाले काही कमी करतील का?" अशी घासाघीस सुरू होते. मंडपवाल्याशी कुणी फारशी घासाघीस करत नाही, कारण तो गावातला असतो आणि पुढच्या लग्नालाही लागणार असतो.

हा क्रम उलटा करा, एवढंच या लेखाचं सांगणं आहे. अंगण, परसबाग किंवा बंगल्यापुढची हिरवळ असेल आणि पाहुणे शंभरच्या आत असतील, तर कलावंतावर जास्त आणि मांडणीवर कमी खर्च करा. त्यातही सगळ्यात आधी कात्री लावायची ती भोंग्यांना. संबळ, ढोलकी, दिमडी, टाळ ही वाद्यं चौकात आणि देवळापुढे वाजण्यासाठीच घडली आहेत. वीस पावलांवर बसलेल्या मामांना ती माईकशिवाय नीट ऐकू येतात.

पुढचे आकडे हिशेब मांडायला धरलेले आहेत. मंचर-नारायणगावच्या हायवेवरचा दर आणि पश्चिमेला आहुपे किंवा आंबोलीकडचा दर एक नसतो. नुसती टेम्पोची वाहतूकच फरक पाडते. तुम्हाला मिळालेला दर त्या जागी घाला.

शंभर माणसांचं जागरण

लग्नानंतर कुलदैवताचं जागरण घालायची रीत इथं अजून पक्की आहे. जुन्नर तालुक्यात वडजचा खंडोबा आणि आंबेगावात धामणीचा म्हाळसाकांत ही ठाणी असल्यामुळे आसपासच्या गावांत पार्ट्या सहज मिळतात. खंडोबाचं ते जागरण आणि देवीचा तो गोंधळ. पण हल्ली बहुतेक ठिकाणी एकच पार्टी दोन्ही उरकून देते.

नेहमीच्या पद्धतीने केलं तर खर्च असा होतो. पाच-सहा जणांच्या पार्टीची सुपारी 15,000 धरू. त्यांच्या गाडीचे 1,500. चौक भरायचं सामान आणि पूजेचं साहित्य 2,500. वीस बाय तीस फुटांचा मंडप, म्हणजे 600 चौरस फूट, फुटाला 15 रुपयांप्रमाणे 9,000. शंभर खुर्च्या दहा रुपयांप्रमाणे 1,000. साऊंड 6,000. जनरेटर डिझेलसकट 5,000. शंभर पानं 150 रुपयांप्रमाणे 15,000. बेरीज 55,000. यात कलावंतांच्या हाती पडले 15,000, म्हणजे रुपयातले सत्तावीस पैसे. ते पाच-सहा जणांत वाटायचे. संबळवाल्याच्या वाट्याला जेवढं आलं त्याच्या दुप्पट एकट्या साऊंडला गेलं.

आता दुसऱ्या पद्धतीने मांडा. पावसाळा नसेल तर मंडप नको; वर आकाश, खाली सतरंज्या. साऊंड नाही म्हणून जनरेटरही नाही. चार-पाच एलईडी फोकस आणि वायरिंगचे 1,500 द्या. खुर्च्या निम्म्या पुरतात, पण हिशेबात 1,000 च ठेवू. पार्टीची सुपारी 15,000 वरून 20,000 करा. सामान, गाडी आणि जेवण तेवढंच. बेरीज 41,500. साडेतेरा हजार वाचले आणि कलावंतांना पाच हजार जास्त गेले. जास्त पैसे घेणारी पार्टी बहुधा जास्त मुरलेलीही असते. आख्यान सांगणारा वाघ्या चांगला असेल तर आवाज वाढवायची गरजच पडत नाही, कारण माणसं आपणहून गप्प बसतात.

सुपारी देताना एक प्रश्न न विसरता विचारा: साधं जागरण की कीबोर्ड-ऑक्टोपॅडवालं? अलीकडे बऱ्याच पार्ट्या दोन्ही प्रकार ठेवतात. ऑक्टोपॅडवाला संच घेतला की साऊंड आलाच, आणि साऊंड आला की परवानगी, जनरेटर, शेजाऱ्यांची कुरकुर हे सगळं मागून येतं. पार्टी सांगते तो फरक दोन-तीन हजारांचा असतो. खरा फरक दहा-बारा हजारांचा पडतो. संबळ, तुणतुणं, दिमडी, घाटी एवढ्यावर रंगवणारी माणसं अजून आहेत. ती मागितली तरच येतात.

सामानाच्या यादीत पाच ऊस असतात, त्यांचा मांडव करून खाली चौक भरतात. ऊस इकडे विकत घ्यावा लागत नाही, फक्त ज्याच्या शेतातून आणायचा त्याला आधी सांगा. नारळ, खोबऱ्याच्या वाट्या, खारका, हळकुंडं, सुपाऱ्या, विड्याची पानं, तांदूळ किंवा गहू, भंडारा, दिवटीचं तेल हे सगळं पार्टीकडून यादी घेऊन स्वतः आणलं तर स्वस्त पडतं. "सामान आमचंच" म्हणणारी पार्टी सोयीची खरी, पण ती सोय सुपारीत धरलेली असते.

आणखी एक खर्च यादीत कधीच दिसत नाही, तो म्हणजे सुट्टे पैसे. आरतीचं ताट फिरतं, मुरळीची ओटी भरायची असते, दिवटीला तेल घालताना पैसे टाकायचे असतात, शेवटी लंगर तोडला की वाघ्याला द्यायचे असतात. दहा, वीस, पन्नासच्या नोटांत दोन हजार रुपये घरातल्या एका जाणत्या बाईकडे आधीच देऊन ठेवा. नाहीतर ऐनवेळी पाचशेची नोट हातात घेऊन सगळं घर सुट्टे शोधत फिरतं.

आणि पार्टीला बसायला कोरडी जागा द्या. मार्गशीर्ष-पौषात जुन्नरकडे रात्री चांगलंच दव पडतं. चामडं ओलसर झालं की दिमडीचा आवाज बसतो. मग वाजवणारा मध्येच उठून ती शेगडीवर किंवा पेटत्या काटक्यांवर फिरवून तापवतो, बोटाने टकटक करून बघतो आणि परत येऊन बसतो. पाहुण्यांना वाटतं, हा सारखा का उठतोय? डोक्यावर दहा बाय दहाची ताडपत्री आणि कोपऱ्यात शेगडी दिली की तो उठत नाही. हा खर्च शंभर-दोनशेचा.

तारीख कोणती, त्यावर भाव

नारायणगावला तमाशापंढरी म्हणतात ते उगीच नाही. यात्रांचा हंगाम जवळ आला की फडांच्या राहुट्या तिथं लागतात, गावोगावचे पंच येतात आणि सुपाऱ्या ठरतात. तिथला बाजार कुणी नीट पाहिला तर दराचं सगळं गणित कळतं. फड तोच, कलावंत तेच, वगही तोच. पण चैत्रातल्या गर्दीच्या तिथीला एक भाव आणि मधल्या मोकळ्या दिवसाला दुसरा. कालाष्टमीसारख्या तिथीला अनेक गावांना एकाच रात्री फड हवा असतो.

घरच्या कार्यक्रमालाही हाच नियम लागू आहे, फक्त तिथी बदलतात. जागरणवाल्यांना चंपाषष्ठी, माघी पौर्णिमा, चैत्री पौर्णिमा आणि लग्नसराईतले रविवार सोन्यासारखे. या दिवशी भाव कमी होणार नाही. उलट एकाच रात्री दोन सुपाऱ्या घेऊन तुमच्याकडे उशिरा पोचण्याची भीती. तारीख तुमच्या हातात असेल तर लग्नसराईतला मंगळवार किंवा बुधवार मागा. पण खंडोबाचा वार रविवार म्हणून घरातली वडीलधारी अडून बसतात, तेव्हा या सल्ल्याचा उपयोग किती होईल ते तुमच्या घरावर.

गाण्याच्या बैठकीला सगळ्यात सोयीची तिथी कोजागिरी. पाऊस ओसरलेला असतो, लग्नसराई तुळशीच्या लग्नानंतर सुरू होणार म्हणून मंडपवाले, आचारी, वादक सगळे मोकळे असतात आणि जेवणाऐवजी मसाला दुधावर भागतं. शंभर जणांना प्रत्येकी दीडशे मिली म्हणजे पंधरा लिटर दूध. साखर, केशर, सुकामेवा धरला तरी पंधरा हजारांचं जेवण अडीच-तीन हजारांवर येतं. याच्या अगदी उलट टोक म्हणजे 31 डिसेंबर. 2018 साली जुन्नर पर्यटन तालुका जाहीर झाला, माळशेजपासून माणिकडोहच्या पाणलोटापर्यंत फार्महाऊस वाढली, आणि त्या एका रात्री इथला प्रत्येक स्पीकर भाड्याने गेलेला असतो. त्या रात्री कार्यक्रम ठेवूच नका. ठेवलाच तर दुपारी ठेवा.

दिवाळी पहाटही आता बंगल्याच्या बागेत होऊ लागली आहे. छान कल्पना आहे, फक्त सुरुवात सहानंतर करा. का, ते पुढे येतंय.

बैठक, भजन आणि घुंगरू

अभंग-भावगीतांच्या घरगुती बैठकीला गायक, पेटी, तबला आणि टाळ असे चौघे पुरतात. तालुक्यातले संगीत शिक्षक आणि त्यांचे साथीदार यांच्यासाठी चौघांचे मिळून 12,000 ते 20,000 धरून चला. पुण्याहून संच बोलावला तर मानधन वेगळं आणि प्रवास वेगळा. पुणे-जुन्नर जाऊन-येऊन साधारण 190 किलोमीटर. किलोमीटरला 16 रुपये धरले तर 3,040, वर टोल आणि चालकाचा रात्रीचा भत्ता. मंचरपर्यंतचं अंतर याच्या दोन तृतीयांश. रात्री दहाला कार्यक्रम संपवून त्यांना परत पाठवायचं की मुक्कामाला ठेवायचं हे आधी ठरवा. हायवेवर रात्री अवजड गाड्यांची वर्दळ असते. घरात खोली असेल तर मुक्काम दोघांनाही बरा.

गावचं भजनी मंडळ मात्र या हिशेबात बसत नाही. ते सुपारी घेत नाहीत, बोलावणं घेतात. चहा, फराळ किंवा पंगत, नारळ आणि मंडळाच्या पेटीत काहीतरी, अशी रीत. लोक पाचशे-हजार टाकून मोकळे होतात. त्यापेक्षा मंडळाच्या म्होरक्याला विचारा की मृदंगाची पुडी बदलायची झाली आहे का, आणि तो खर्च उचला. मंडळाला ते पैशापेक्षा जास्त उपयोगी पडतं, आणि तुमच्या अंगणात दोन तास पंधरा-वीस माणसं उभ्याने टाळ कुटतात त्या मानाने हे फारच स्वस्त आहे. माझं मत विचाराल तर घरगुती कार्यक्रमांत पैशाला सगळ्यात जास्त मोल याचंच मिळतं. पाहुण्यांत मुंबईहून आलेले चाकरमानी असतील तर त्यांच्यातले दोघे-चौघे उठून टाळ घेतातच.

वारकरी कीर्तनाचं मानधन चार आकड्यांपासून सुरू होऊन कीर्तनकाराच्या नावाप्रमाणे कुठवर जाईल ते सांगता येत नाही. ज्यांची तारीख वर्षभर आधी मागूनही मिळत नाही अशा बुवांच्या मागे घरच्या कार्यक्रमासाठी लागू नका.

नाच ठेवायचा असेल तर पैसे जमिनीवर खर्च करा. हिरवळीवर घुंगरू वाजत नाही आणि पाय मुरगळतो; पेव्हर ब्लॉकवर टाच सोलते. आठ बाय चारची, 18 मिलीमीटर जाडीची प्लायवूडची तीन फळकुटं शेजारी शेजारी लावली की आठ बाय बाराचा पाट तयार होतो. खाली जुनी सतरंजी घालायची आणि जोडावर रुंद चिकटपट्टी मारायची. एक-दोन नाचणाऱ्यांना एवढी जागा भरपूर. फर्निचरवाल्याकडून एका रात्रीसाठी भाड्याने मिळाला तर हजार-दीड हजारात काम होतं. मंडपवाल्याचं लोखंडी स्टेज याच्या तिप्पट पैसे घेतं आणि वर धाडधाड आवाज करतं. मुलींच्या कथक-भरतनाट्यमच्या क्लासपासून ढोलकीवरच्या लावणीपर्यंत सगळ्यांना लाकूडच लागतं.

लावणीचं म्हणाल तर नारायणगावचा आख्खा फड घरी येत नसतो. मोठ्या फडात शंभरावर माणसं, ट्रक, कनात, स्वतःचा जनरेटर असतो आणि सुपारी लाखांत. तो गावाच्या यात्रेचा मामला आहे. घरी येऊ शकतो तो चार-पाच जणींचा संच, सोबत ढोलकी, पेटी, झांज. पावसाळ्यात फड बंद असताना हे कलावंत मोकळे असतात. सुपारी 25,000 पासून पुढे धरा, आणि इथं कमी करा म्हणू नका. बैठकीच्या लावणीची परंपरा मुळात मोजक्या रसिकांपुढे बसून ऐकण्याची. ती घरात चांगली रंगते, पण घर तसं हवं. कपडे बदलायला आतून कडी लागणारी खोली, स्वच्छ संडास, रात्री परत पोचवणारी गाडी आणि प्यायलेल्या पाहुण्यांना पहिल्या रांगेपासून लांब ठेवणारा एखादा मोठा भाऊ, एवढं जमत नसेल तर लावणी ठेवू नका. अंगावर नोटा उधळणं आणि परवानगीशिवाय मोबाईलवर चित्रण करणं बंद, हे निमंत्रणातच लिहा. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांच्या नावाने राज्य सरकार तमाशातला जीवनगौरव पुरस्कार देतं. त्याच नारायणगावच्या तालुक्यात कलावंतिणीला अंधारात कपडे बदलायला लावणं शोभत नाही.

दहाचा काटा

ध्वनिप्रदूषण नियम 2000 सालचे आहेत आणि ते घरालाही लागू होतात. रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाऊडस्पीकर चालत नाही. बऱ्याच जणांना माहीत नसलेली गोष्ट अशी की 2010 च्या दुरुस्तीनंतर या बंदीत वाद्यंही आली. म्हणजे माईक बंद करून उघड्या अंगणात रात्रभर संबळ वाजवणंही नियमात बसत नाही. वर्षातले जास्तीत जास्त 15 दिवस रात्री 12 पर्यंत सूट मिळते, पण ती सरकारने जाहीर केलेल्या सणा-उत्सवांना. तुमच्या घरचं जागरण त्या तारखेला आलं तर नशीब.

म्हणून जागरण सहाला सुरू करा. लोक आठला जमतात, पंगत साडेनऊपर्यंत चालते आणि खरं आख्यान अकराला सुरू होतं, हा जुना क्रम आता मोडायलाच हवा. आधी चौक, गण, पदं, आख्यान, साडेनऊला आरती आणि लंगर, मग पंगत. पार्टीलाही हे आवडतं, कारण तिला दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावी जायचं असतं. रात्रभर जागवायचंच असेल तर दहानंतर घरात, दारं लावून, दहा-पंधरा घरच्या माणसांपुरतं.

दिवसाही मर्यादा आहेत. रहिवासी भागात दिवसाची पातळी 55 डेसिबल आणि रात्रीची 45. खासगी जागेतला आवाज तुमच्या कुंपणाशी यापेक्षा 5 डेसिबलने जास्त जाता कामा नये. म्हणजे संध्याकाळी कुंपणावर 60. समोरासमोर दोन माणसं नेहमीच्या आवाजात बोलतात तेव्हा साधारण एवढाच आवाज भरतो. दवाखाना, शाळा किंवा कोर्टाच्या शंभर मीटरच्या आत शांतता क्षेत्र जाहीर झालेलं असेल तर तिथं आणखी कडक. साऊंडवाला "दोन टॉप, दोन बेस" म्हणाला की तुम्ही मर्यादा केव्हाच ओलांडलेली आहे. गायकाला माईक हवाच असेल तर एक माईक आणि एक लहान, बॅटरीवर चालणारा स्पीकर घ्या. तो झाडाला उंच टांगू नका. जमिनीपासून तीन-चार फुटांवर, तोंड घराच्या भिंतीकडे करून ठेवा. भाडं हजार-बाराशे.

स्पीकर लावणार असाल तर पोलीस ठाण्यात लेखी अर्ज आठवडाभर आधी द्या. जुन्नर तालुक्यात जुन्नर, नारायणगाव, ओतूर आणि आळेफाटा, आंबेगावात मंचर, घोडेगाव आणि पारगाव कारखाना ही ठाणी. तुमचं गाव कुठल्या हद्दीत येतं ते पोलीस पाटील सांगतील. अर्जात तारीख, वेळ, जागा, माणसांचा अंदाज आणि साऊंडवाल्याचं नाव लिहा आणि पोच घ्या. शेजाऱ्यांच्या घरी एक फेरी स्वतः मारा. कुणाकडे बारावीची परीक्षा आहे, कुणाकडे आजारी माणूस आहे, हे अर्जातून कळत नाही.

वीज आणि बिबट्या

विजेच्या बाबतीत लोक उगीच घाबरतात. दिवे 1,000 वॅट आणि साऊंड 2,000 वॅट असं सढळ हाताने धरलं तरी पाच तासांत 15 युनिट होतात. युनिटला 15 रुपये धरले तरी सव्वादोनशे. अर्ध्या भारावर चालणारा 15 केव्हीएचा जनरेटर तासाला दोन-अडीच लिटर डिझेल पितो. पाच तासांत साडेबारा लिटर, लिटर 90 धरला तर 1,125, आणि भाडं वेगळं. साऊंड नसेल तर घरचं मीटर पुरतं. वीज गेली तर इन्व्हर्टरवर दोन फोकस आणि चार्जिंगचे दिवे. जागरणात दिवटी असतेच. आकडा मात्र टाकू नका. महावितरणचा दंड जनरेटरच्या भाड्याहून महाग पडेल.

उजेड ही इथं केवळ शोभेची गोष्ट नाही. ऊस आणि बिबट्या हे जुन्नर-आंबेगावचं रोजचं वास्तव आहे. माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे ते उगीच नाही. बागेच्या कडेला ऊस असेल तर फोकसपैकी दोन स्टेजवर न टाकता उसाच्या बांधाकडे टाका. लहान मुलांची बसायची जागा मधोमध. मटणाचं जेवण असेल तर खरकटं आणि हाडं बांधावर टाकायची नाहीत. कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या. पायी आलेल्यांना एकट्याने परत पाठवू नका. गाडीतून वाडीपर्यंत सोडायला दोन मुलं नेमा आणि पेट्रोलचे पाचशे रुपये हिशेबात धरा. वन विभागाचा 1926 हा क्रमांक गाडी नेणाऱ्यांच्या मोबाईलमध्ये असू द्या. कार्यक्रम लवकर संपवायचं हे दुसरं कारण, आणि माझ्या मते नियमापेक्षा मोठं.

कर, हक्क, रोकड

कार्यक्रमात दुसऱ्यांची गाणी म्हटली तर पैसे भरावे लागतात का, असं पुष्कळ जण विचारतात. कॉपीराइट कायद्यात खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीला सूट आहे, आणि लग्नाची वरात व लग्नाशी निगडित घरगुती समारंभही त्यातच धरलेत. त्यामुळे जागरणाला आणि हळदीला काही लागत नाही. पण फार्महाऊसवर तिकीट लावून किंवा खोलीच्या भाड्यात कार्यक्रम धरून पाहुणे आणत असाल तर तो धंदा झाला. तिथं परवाना लागतो.

लोककला किंवा शास्त्रीय कला सादर करणाऱ्या कलावंताच्या दीड लाखापर्यंतच्या मानधनावर जीएसटी नाही. गोंधळी किंवा लावणीचा संच "जीएसटी वेगळा" म्हणाला तर आधी हे सांगा. मंडप आणि साऊंडवाल्याला मात्र 18 टक्के लागतो, तोही तो नोंदणीकृत असेल तर. नोंदणी नसताना कर मागणाऱ्याला जीएसटी क्रमांकासह बिल मागा, विषय तिथंच संपतो. मोठ्या लग्नकार्यात एक लक्षात ठेवा: एकाच प्रसंगासाठी एका माणसाकडून दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही. दंड घेणाऱ्याला होतो, म्हणून फड आणि केटरर आता चेक किंवा ऑनलाइन मागतात. त्यात संशय घेण्यासारखं काही नाही.

चिठ्ठी

सुपारी तोंडी ठरते आणि भांडणं त्यातूनच होतात. साध्या कागदावर दोघांच्या सह्या पुरतात. कागदावर हे हवं: तारीख आणि तिथी दोन्ही, पोचायची वेळ आणि सुरू करायची वेळ वेगवेगळी, माणसं किती आणि मुख्य वाघ्या किंवा गायिका कोण, वाद्यं कोणती, गाडीभाडं सुपारीत की वेगळं, सामान कुणाचं, जेवण कार्यक्रमाआधी की नंतर. जेवणाचा मुद्दा क्षुल्लक वाटतो. पण गाणारे पोटभर जेवून गाऊ शकत नाहीत आणि पंगत संपल्यावर त्यांच्यापुढे गार भात येतो, असं फार घरांत होतं. त्यांचा शिधा किंवा ताटं आधीच काढून झाकून ठेवा.

विसार म्हणून चौथा हिस्सा द्या, मोबाईलवरून पाठवा म्हणजे नोंद राहते. त्याच कागदावर पावसाची आणि सुतकाची ओळ लिहा. पावसाने कार्यक्रम पुढे गेला तर विसार पुढच्या तारखेला धरायचा. सुतक पडलं तर निम्मा परत. आयत्या दिवशी तुम्हीच रद्द केलं तर विसार गेला. पार्टी आली नाही तर विसार परत आणि गाडीभाड्याएवढी भरपाई. चांगल्या पार्ट्या याला हरकत घेत नाहीत, कारण तोंडी सुपारीत त्याही फसलेल्या असतात. उरलेले पैसे आरती झाल्याबरोबर, जेवायला बसायच्या आत, एकाच माणसाच्या हाती द्या आणि कागदावर "पोचले" लिहून घ्या. रात्री साडेअकराला टेम्पोत वाद्यं चढवून झालेली पार्टी दारात ताटकळत उभी आहे आणि पैसे देणारे काका झोपायला गेलेत, असं होऊ देऊ नका.